फळीचा खरा रंग : अणदूरहून राजपुरीपर्यंत

सोलापूर-हैदराबाद महामार्गावर नळदुर्ग मागे पडले की थोड्याच वेळात अणदूर लागते. तुळजापूर तालुक्यातले हे गाव महाराष्ट्राला दोन गोष्टींमुळे माहीत आहे. एक म्हणजे इथला खंडोबा. वर्षाचा मोठा भाग तो अणदूरला असतो आणि काही काळ नळदुर्गला मुक्कामाला जातो. दोन्ही गावांत तसा करार आहे आणि तो आजही पाळला जातो. दुसरी गोष्ट म्हणजे डॉ. शशिकांत अहंकारी यांनी उभे केलेले हॅलो मेडिकल फाउंडेशनचे आरोग्यकार्य. बाकी गाव मराठवाड्यातल्या इतर गावांसारखेच आहे. काळी जमीन, तूर, करडई, सोयाबीन, आणि मृग नक्षत्र लागले की आभाळाकडे लागलेले डोळे.

अशा गावात समुद्राचा विषय निघण्याचे काही कारण नाही. इथून कोणत्याही बंदराला जायचे तर आधी सोलापूर गाठावे लागते, पुढे अख्खी रात्र आगगाडीत काढावी लागते. आमच्या घरातल्या निम्म्या माणसांनी समुद्र पाहिलेला नव्हता. तरीही गेल्या हिवाळ्यात आमच्या घरी रोज जहाजाच्या गप्पा चालत आणि वाद एकाच प्रश्नावर अडे : जहाजाच्या डेकचा रंग कसा असतो?

सुतारकामाच्या शेडमध्ये गलबत

आमच्या चाचांची रस्त्याकडेला सुतारकामाची शेड आहे. एकेकाळी तिथे सागवानी दारे, चौकटी, बैलगाडीची चाके बनत. आता प्लायवूड, सनमायका आणि किचन ट्रॉलीचे काम जास्त. वाकस आणि पटाशा भिंतीवर टांगलेल्या असतात; रंधा क्वचितच खाली उतरतो. नववीत शिकणाऱ्या आमच्या पुतण्याने शाळेच्या प्रदर्शनासाठी मराठा आरमारातले गलबत करायचे ठरवले, तेव्हा चाचांनी रंधा खाली काढला. आम्हाला वाटले, मुलाची हौस आहे, चार दिवसांत संपेल. पण चाचाच जास्त गुंतले. रात्री इशाची नमाज झाली की काका-पुतण्या शेडमध्ये जाऊन बसत.

हातभर लांबीचे ते गलबत ५० पट लहान प्रमाणात होते, म्हणजे खऱ्या जहाजातले ५० सेंटिमीटर म्हणजे इथे १ सेंटिमीटर. सांगाडा झाला, बाजूच्या फळ्या बसल्या, डोलकाठ्या उभ्या राहिल्या. आता राहिले डेक. बाजारात मिळणाऱ्या शोभेच्या जहाजांवर डेक पिवळेधमक असते आणि वरून व्हार्निशची चकाकी. पुतण्याला तसेच हवे होते. चाचांनी मान हलवली. "उन्हापावसात राहिलेलं लाकूड असं कधी दिसतं का? हे तर नवरीच्या पलंगासारखं दिसेल."

त्यांनी त्याला गल्लीतल्या एका जुन्या वाड्याच्या दारासमोर नेऊन उभे केले. दार सागवानी, शंभरेक वर्षांचे असावे. त्या एका दारावर तीन रंग होते. छज्जाखाली, जिथे ऊन-पाऊस पोहोचत नाही, तिथे गडद तपकिरी. मधल्या भागात, जिथे रोज हात लागतो, तिथे तेलकट काळपट. आणि खाली, जिथे पावसाचा मारा बसतो, तिथे चांदीसारखे राखाडी. लाकूड एकच, झाड एकच. फरक ऊन, पाणी आणि माणसाच्या हाताचा.

याचे शास्त्र सोपे आहे. लाकडात तंतू असतात आणि त्या तंतूंना बांधून ठेवणारा लिग्निन नावाचा पदार्थ असतो. सूर्याचे अतिनील किरण लिग्निन फोडतात, पाऊस तो धुऊन नेतो, आणि वर उरतात ते फिकट तंतू. म्हणूनच उघड्यावरचे सागवान राखाडी होते. हा रंग वरच्या पातळ थरातच असतो. रंधा मारला की आत पुन्हा सोनेरी सागवान सापडते.

दादाजानची साक्ष

वाद दादाजानपर्यंत गेला. घरात समुद्रावरून प्रवास केलेले तेवढेच एक. १९८० च्या दशकात ते मुंबईहून जहाजाने हजला गेले होते. त्या काळी गावोगावचे हाजी क्रॉफर्ड मार्केटजवळच्या साबू सिद्दीक मुसाफिरखान्यात उतरत आणि तिथून बंदरावर जात. १८७७ साली सुरू झालेल्या, पुढे मोगल लाइन म्हणून ओळखल्या गेलेल्या कंपनीची जहाजे जिद्द्याला जात. स्वस्त तिकीट डेकचे. १९९५ मध्ये हा समुद्रमार्ग बंद झाला आणि सगळेच विमानाने जाऊ लागले. त्यामुळे 'डेकवर बसून हजला गेलो' असे सांगणारी ही शेवटची पिढी आहे.

दादाजानना तारखा आठवत नाहीत, जहाजातले जेवण आठवत नाही. फळ्या मात्र आठवतात. ते म्हणाले, "पहाटे खलाशी पाणी मारून डेक घासायचे. वाळलं की फळी पांढुरकी दिसायची, ज्वारीच्या भाकरीसारखी. दोन फळ्यांच्या मधली रेघ काळी. त्या रेघांवर सफ धरून आम्ही फजर पढायचो."

ज्वारीच्या भाकरीसारखी! पुतण्याने ते वहीत लिहून घेतले. आम्ही सगळे हसलो, पण उपमा अगदी नेमकी होती. शिडाच्या युद्धनौकांवरही रोजची हीच रीत होती. इंग्रज खलाशी गुडघे टेकून, वाळू आणि खारे पाणी टाकून, वालुकाश्माच्या दगडाने डेक घासत. त्या दगडाला ते 'होलीस्टोन' म्हणत. रोज घासून घासून लाकडाचा वरचा थर जाई आणि फळी फिकट, कोरडी, पांढरट राखाडी दिसे. व्हार्निशचा तिथे प्रश्नच नव्हता. चकचकीत डेक ओले झाले की पाय घसरणार, आणि लढाईत घसरलेला माणूस संपलाच.

आणखी एक गोष्ट दादाजानच्या साक्षीत होती : काळी रेघ. दोन फळ्यांच्या सांध्यात पाणी जाऊ नये म्हणून युरोपी जहाजांत जुन्या दोरांचे तंतू ठोकून वर डांबर ओतत. आपल्याकडे कापूस किंवा काथ्या ठोकून राळ आणि तेल भरत. खऱ्या जहाजात ही रेघ बोटाच्या रुंदीपेक्षाही कमी. ५० पट लहान केली तर केसासारखी बारीक. तरी बरेच हौशी कारागीर तिथे काळा दोरा चिकटवतात. मग डेक शतरंजीसारखे दिसते. चाचांनी फळीच्या कडेला पेन्सिल फिरवली आणि फळ्या शेजारी शेजारी बसवल्या. तेवढे पुरले.

नळदुर्गचे पाणी आणि दाभोळचे घोडे

पुतण्याचे म्हणणे, खरा रंग खऱ्या बोटीवर पाहायचा. चाचा म्हणाले, चला. डिसेंबरच्या सुट्टीत आम्ही निघालो. पण निघण्याआधी एक सकाळ नळदुर्गच्या किल्ल्यात घालवली, कारण अणदूरच्या माणसाने पाण्याकडे जायचे तर सुरुवात तिथूनच व्हायला हवी.

बोरी नदीवर बांध घालून त्या बांधाच्या पोटातच महाल बांधला आहे. हा पाणीमहाल १६१३ सालचा, विजापूरच्या दुसऱ्या इब्राहीम आदिलशहाच्या काळातला. पावसाळ्यात नदी भरली की बांधावरून 'नर' आणि 'मादी' नावाचे दोन धबधबे कोसळतात आणि मधल्या महालात माणूस कोरडा उभा राहतो. दुष्काळी मुलखात पाण्याशी असा खेळ करणारी ही माणसे समुद्रालाही अनोळखी नव्हती. नळदुर्गचा हा किल्ला ज्या राज्यात होता, त्याच राज्याचे मोठे बंदर होते दाभोळ. अरबस्तान आणि इराणचे घोडे जहाजांतून कोकणच्या बंदरांत उतरत आणि घाट चढून दख्खनच्या किल्ल्यांत येत. हजला जाणारे लोक उलट दिशेने तोच घाट उतरत. आपल्या गावाचा समुद्राशी संबंध नाही असे म्हणणे म्हणूनच पूर्ण खरे नाही. तो संबंध आगगाडी आणि महामार्गांच्या आधीचा आहे.

मुंबई : भिंतीआडची गोदी

सोलापूरहून रात्रीच्या सिद्धेश्वर एक्सप्रेसने आम्ही सकाळी मुंबईत उतरलो. गेटवेकडे जाताना नौदलाच्या गोदीची लांबच लांब भिंत लागते. आत जाता येत नाही. पण भिंतीआड काय घडले ते माहीत असले, तर नुसती भिंतही पाहण्यासारखी आहे.

१७३६ मध्ये सुरतेचे पारशी कारागीर लवजी नसरवानजी वाडिया यांना ईस्ट इंडिया कंपनीने मुंबईत आणले. १७५० मध्ये इथे पहिली सुकी गोदी पुरी झाली. पुढे वाडिया घराण्याने पिढ्यान्‌पिढ्या मलबारच्या सागवानातून जहाजे बांधली. ब्रिटिश नौदलाला ओक लाकडाची टंचाई भासू लागली, तेव्हा त्यांच्या युद्धनौकाही मुंबईत बनू लागल्या. १८१३ ची 'कॉर्नवॉलिस' इथलीच. १८४२ मध्ये चीनला झुकवणारा नानकिंगचा तह तिच्यावर झाला. १८२४ ची 'एशिया' इथलीच. १८२७ मध्ये नवारिनोच्या लढाईत तुर्क आणि मिसरी आरमार बुडवणाऱ्या ताफ्याचे ते मुख्य जहाज होते. आमच्या चाचांनी हे ऐकून एवढेच म्हटले, "लाकडाला काय माहीत, त्याच्यावर कोण उभा आहे."

यांतले एक जहाज आजही पाण्यावर आहे. जमशेदजी बोमनजी वाडियांनी बांधलेली 'त्रिंकोमाली' १२ ऑक्टोबर १८१७ रोजी मुंबईत पाण्यात उतरली. आज ती इंग्लंडमध्ये हार्टलपूलला संग्रहालय म्हणून उभी आहे. अजून तरंगणाऱ्या ब्रिटिश युद्धनौकांत ती सर्वांत जुनी. तिच्यातल्या मूळ सागवानाचा मोठा भाग दोनशे वर्षांनंतरही शाबूत आहे. जहाजांच्या प्रतिकृती करणारे जगभरचे लोक तिचे फोटो समोर ठेवून डेक रंगवतात. त्या डेकचा रंग? फिकट, कोरडा, राखाडी. ज्वारीच्या भाकरीचा.

खांदेरीच्या समोर

गेटवेहून मांडव्याची बोट आणि तिथून अलिबाग. ओहोटी होती म्हणून कुलाबा किल्ल्यात चालत गेलो. भिजलेल्या वाळूवर पुतण्याने पहिल्यांदाच समुद्राचे पाणी हाताने घेतले आणि चाखून पाहिले. किल्ल्यात गणपतीचे मंदिर आहे आणि हाजी कमालुद्दीन शाह यांचा दर्गाही. फातेहा पढून आम्ही तटावर गेलो.

इथून जवळच समुद्रात खांदेरीचे बेट. २०२५ मध्ये युनेस्कोने मराठ्यांच्या १२ किल्ल्यांना जागतिक वारसा म्हणून मान्यता दिली, त्यांत खांदेरी आहे. १६७९ मध्ये शिवाजी महाराजांनी या बेटावर तटबंदी सुरू केली आणि मुंबईचे इंग्रज चवताळले. बेटाला रसद पोहोचवणाऱ्या आणि इंग्रजांच्या मोठ्या जहाजांना भिडणाऱ्या मराठा आरमाराचे नेतृत्व दौलतखानाकडे होते. १८ ऑक्टोबर १६७९ च्या लढाईत त्याच्या गलबतांनी इंग्रजांचे 'डव्ह' हे जहाज ताब्यात घेतले. पुढे जंजिऱ्याचा सिद्दी आपला ताफा घेऊन इंग्रजांच्या मदतीला आला. म्हणजे एका बाजूला शिवाजी महाराजांचा दौलतखान, दुसऱ्या बाजूला इंग्रजांबरोबर सिद्दी. दोन्हीकडे कलमा पढणारी माणसे, आणि दौलतखानाच्या गलबतांवर भंडारी आणि कोळी त्याच्या खांद्याला खांदा लावून.

आमच्या पुतण्याने गलबत का निवडले, ते आम्हाला इथे कळले. त्याच्या इतिहासाच्या वहीत दौलतखानाचे नाव एका ओळीत येऊन गेले होते. त्याला ते नाव प्रदर्शनातल्या पाटीवर मोठ्या अक्षरांत लिहायचे होते. मुलाने हे घरी कुणाला सांगितले नव्हते. आमच्या पोरांना कधी कधी वर्गात, कधी मैदानावर, 'तुमचा इतिहास वेगळा' असे ऐकावे लागते. हा मुलगा त्यावर भांडायला गेला नाही. तो गलबत बांधायला बसला. म्हणून त्याचा रंग खरा असणे त्याच्यासाठी एवढे महत्त्वाचे होते. एखादी गोष्ट खोटी निघाली की लोक सगळ्यावरच शंका घेतात, हे या वयातही त्याला समजले होते.

गलबताचे डेक बांबूचे

अठराव्या शतकात रॉबर्ट ऑर्म या इंग्रज इतिहासकाराने आंग्र्यांच्या आरमाराचे वर्णन लिहून ठेवले आहे. गुराब मोठी, दोन किंवा तीन डोलकाठ्यांची. तिचे तोंड पुढे निमुळते होत जाई आणि दोन तोफा थेट पुढच्या दिशेने रोखलेल्या असत. गलबत लहान, क्वचितच ७० टनांच्या वर, ४०-५० वल्ह्यांचे. वारा पडला की गलबते वल्ही मारत आणि गुराबांना ओढत नेत. ऑर्म पुढे सांगतो की काही गलबतांचे वरचे डेक वजन कमी राहावे म्हणून चिरलेल्या बांबूचे असे.

ही एक माहिती वाचली आणि आमचा अर्धा वाद मिटला. म्हणजे पुतण्याच्या गलबताला सागवानी फळ्यांचे डेकच नको. बांबूच्या कामट्या हव्यात! आणि कामट्या तर बुरुडाकडे आठवडे बाजारात मिळतात. जो माल आणण्यासाठी आपण मुंबईच्या दुकानांचे पत्ते विचारत होतो, तो सुपे-टोपल्यांच्या शेजारी पडलेला होता. मागच्या बाजूला, जिथे सुकाणूवाला उभा राहतो, तेवढ्यापुरत्या फळ्या ठेवायचे ठरले.

राजपुरीच्या होडीत

अलिबागहून मुरूड ५० किलोमीटरच्या आसपास. मुरूडपुढे राजपुरी गाव आणि तिथल्या धक्क्यावरून जंजिऱ्याला जाणाऱ्या शिडाच्या होड्या. महाराष्ट्रात आज सामान्य माणसाला तिकीट काढून शिडाच्या लाकडी होडीत बसता येते अशा जागा फार थोड्या उरल्या आहेत. राजपुरी त्यांतली एक. पावसाळ्यात ही वाहतूक बंद असते.

पुतण्याने घरून आठ लाकडी पट्ट्या आणल्या होत्या, प्रत्येक वेगळ्या छटेत रंगवलेली. सोनेरी, मधासारखी, तपकिरी, आणि मग राखाडीच्या पाच पायऱ्या. होडीत बसल्याबरोबर तो फळीवर एकेक पट्टी ठेवून पाहू लागला. नावाड्याला वाटले, पोरगा काहीतरी विकतो आहे. कारण कळल्यावर त्याने बसायच्या फळीवरची घोंगडी स्वतःच बाजूला केली आणि म्हणाला, "ही बघ, ही आतली. ही कोरी राहिली आहे."

आम्ही जे पाहिले ते असे. पाय पडतात तिथे फळी फिकट आणि गुळगुळीत. कडेला, जिथे खारे पाणी उडते आणि वाळते, तिथे पांढुरकी. आडोशाला तपकिरी. दोर घासतो तिथे एक काळसर चर. खिळ्यांभोवती गंजाचा काळा डाग, थेंबाएवढा. एका फळीपेक्षा शेजारची थोडी वेगळी, पण फक्त थोडी. शोभेच्या जहाजांवर लोक एक फळी पांढरी, एक चॉकलेटी असे पट्टे उठवतात, तसे काही नाही.

मग एक गमतीची गोष्ट घडली. होडीत बसून पाहिले तेव्हा फळीशी जुळली ती सहावी पट्टी. परत धक्क्यावर येऊन लांबून पाहिले तेव्हा तीच फळी आणखी फिकट दिसली आणि आठवी पट्टी जुळली. चाचांनी हिशेब मांडला. ५० पट लहान गलबत आपण एक फुटावरून पाहतो, म्हणजे खरे गलबत ५० फुटांवरून पाहिल्यासारखे. तेवढ्या अंतरावर बारीक डाग दिसत नाहीत आणि रंगही थोडा उडालेला भासतो. म्हणून छोट्या जहाजाचे डेक खऱ्या लाकडापेक्षाही एक पायरी फिकट ठेवायचे. पुतण्याने मोबाइलवर फोटोही काढले, पण प्रत्येक फोटोत फळीशेजारी पांढरा कागद ठेवून. संध्याकाळच्या उन्हात सगळेच सोनेरी दिसते. कागद किती पिवळा दिसतो ते पाहिले की उन्हाची भर किती, हे कळते.

जंजिऱ्यात आम्ही तटावरच्या तोफा पाहिल्या, खाऱ्या समुद्राच्या मधोमध असलेले गोड्या पाण्याचे तलाव पाहिले. आफ्रिकेतून आलेल्या हबशी माणसांनी हा किल्ला राखला. त्यांचे राज्य १९४८ पर्यंत टिकले. परतताना राजपुरीजवळच खोकरीच्या कबरी पाहिल्या. दगडी घुमटांखाली सिद्दी राज्यकर्ते निजले आहेत. अस्र तिथेच झाली.

बोलीतला दर्या

होडीत नावाडी जे शब्द बोलत होता, ते ऐकून दादाजान असते तर खूश झाले असते. सुकाणू अरबी. जहाज अरबी. तुफान अरबी. बंदर फारसी. नाखवा हा फारसी नाखुदा, म्हणजे नावेचा धनी. आणि गुराब म्हणजे अरबीत कावळा. काळ्या, टोकदार चोचीचे जहाज! १८११ मध्ये थॉमस रोबक याने कलकत्त्यात हिंदुस्थानी खलाशांच्या बोलीचा कोश छापला, कारण या बोलीशिवाय इंग्रज अधिकाऱ्यांचे जहाज हलत नव्हते. त्या बोलीत डेकला तूतक म्हणत. हे शब्द कोळी बोलतात, भंडारी बोलतात, कोकणी मुसलमान बोलतात. कुणाचा शब्द कुठून आला, हे कुणी विचारत नाही. शब्दांवर पाय देऊन सगळे एकाच होडीत चढतात.

घरी केलेला रंग

अणदूरला परतल्यावर काम झाले ते असे. ज्या घरांत मुले हातांनी काही करतात, त्यांच्या उपयोगी पडेल म्हणून सविस्तर लिहितो.

कामट्यांची वरची हिरवट-पिवळी साल मेणचट असते, तिच्यावर रंग बसत नाही. ती चाकूने खरवडून, पॉलिश पेपर मारून घ्यायची. मागच्या फळ्यांसाठी चाचांनी शिवणीचे लाकूड निवडले. ते मुळातच फिकट आणि रेषेला बारीक. ज्यांच्याकडे लाकूड नाही त्यांनी आइस्क्रीमच्या काड्या उभ्या चिराव्यात. पाच मिलिमीटरची पट्टी म्हणजे खऱ्या जहाजातली २५ सेंटिमीटर रुंद फळी. फळ्यांचे जोड एका ओळीत येऊ द्यायचे नाहीत, विटांच्या भिंतीसारखे मागे-पुढे ठेवायचे.

रंगासाठी विकतचे काही आणले नाही. काचेच्या बाटलीत सिरका घेऊन त्यात गंजलेले लोखंडी खिळे तीन-चार दिवस ठेवले. झाकण सैल ठेवायचे, कारण आत वायू तयार होतो. बाटली चुलीपासून लांब ठेवायची. भांडी घासायची स्टेनलेसची तार इथे चालत नाही, लोखंडच हवे. मग हे पाणी गाळून त्यात दहापट साधे पाणी मिसळले. दुसरीकडे बिनदुधाचा कडक चहा. आधी लाकडावर चहा लावून वाळवायचा, मग लोखंडाचे पाणी. पाहता पाहता लाकूड राखाडी होते. चहातला तुरट अंश आणि लोखंड यांचा संयोग होऊन हा रंग उमटतो. हीच युक्ती आपल्या जुन्या कातिबांना माहीत होती. हिरडा आणि हिराकस यांच्यापासून ते काळी शाई करत. पोथी असो वा किताब, ती शाई एकच.

लोखंडाचे पाणी पातळच ठेवावे. जाड झाले तर लाकूड काळे पडते आणि मग उपाय नाही. प्रत्येक फळीवर हात थोडा कमी-जास्त केला, म्हणजे शेजारच्या फळ्या सख्ख्या भावंडांसारख्या दिसतात, जुळ्या नाही. सगळे वाळल्यावर जवसाच्या तेलाचा अगदी पुसट हात आणि मऊ फडक्याने पुसणे. इथे एक इशारा. जवसाचे तेल लागलेले फडके चुरगळून कोपऱ्यात टाकू नये. ते आपोआप तापून पेट घेऊ शकते. उघड्यावर पसरून वाळवावे. लहान मुलांना हे काम मोठ्यांच्या देखरेखीतच करू द्यावे.

तोफेजवळ कोळशाची चिमूटभर पूड चोळली, आतल्या कठड्यांना गेरू. दोर जिथे घासतो तिथे पेन्सिलीची एक पुसट रेघ. राजपुरीच्या होडीत पाहिल्यापेक्षा जास्त एकही डाग नाही.

दादाजाननी तयार गलबत हातात घेतले. मोतीबिंदूमुळे त्यांना बारीक दिसत नाही. त्यांनी डेकवरून अंगठा फिरवला आणि म्हणाले, "कोरडं आहे. बरोबर." प्रदर्शनात पाटी लागली : 'मराठा आरमाराचे गलबत, खांदेरी, १६७९. सरदार : दौलतखान.' बक्षीस दुसऱ्याच एका प्रतिकृतीला मिळाले, ती चकाकत होती. पण शाळेतल्या एका शिक्षकांनी पुतण्याला पुढच्या आठवड्यात वर्गात उभे करून खांदेरीची लढाई सांगायला लावली. मुलांनी गलबताभोवती गर्दी केली. डेक असे मळकट का, हा पहिला प्रश्न होता. मग दौलतखान कोण, हा दुसरा. पुतण्याने दोन्हींची उत्तरे दिली. चाचांच्या शेडमध्ये आता आणखी दोन मुले येतात, एक खंडोबाच्या पुजाऱ्यांच्या गल्लीतला. रंधा पुन्हा भिंतीवर टांगला गेलेला नाही.

जाणाऱ्यांसाठी

नळदुर्गचा पाणीमहाल पाहायचा तर पावसाळ्यात किंवा त्याच्या लगेच नंतर जावे. धबधबे तेव्हाच असतात. राजपुरीला हिवाळ्यात जावे आणि सकाळी लवकर पोहोचावे, म्हणजे होडीला गर्दी कमी आणि फळीवर ऊन तिरपे. कुलाबा किल्ल्याला जाण्याआधी ओहोटीची वेळ विचारून घ्यावी. अलिबागमध्येच कान्होजी आंग्रे यांची समाधी आहे, तीही पाहावी. मुलांना बरोबर न्यावे आणि त्यांना फोटोआधी हात लावून पाहायला सांगावे. आणि घरात कुणी जहाजाने हजला गेलेले बुजुर्ग असतील तर त्यांच्याजवळ बसून त्या डेकचा रंग, वास, आवाज विचारून लिहून ठेवावा. तो रंग कुठल्या दुकानात मिळत नाही, आणि सांगणारे आता फार थोडे राहिले आहेत.